राउंड संपल्यावर

सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डातला सकाळचा राउंड पाहण्यासारखा असतो. पुढे युनिटचे प्रमुख सर किंवा मॅडम, मागे लेक्चरर आणि रजिस्ट्रार, केसपेपरांची चळत सांभाळणारा हाउसमन आणि शेवटी वह्या सावरत चालणारे इंटर्न. खाटेजवळ सगळे थबकतात. रजिस्ट्रार भराभर सांगतो : वय किती, तक्रार काय, ताप कधीपासून, रिपोर्ट काय आले. सर पोट चाचपतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात, दोन प्रश्न विचारतात, औषधात एखादा बदल सांगतात आणि ताफा पुढच्या खाटेकडे सरकतो. तीस खाटांचा राउंड दोन तासांत उरकायचा म्हटलं, तर एका रुग्णाच्या वाट्याला चार मिनिटं येतात.

दिवसाची मिनिटं १,४४०. त्यातली चार गेली. उरलेल्या १,४३६ मिनिटांत त्या खाटेशी सिस्टर येतात, मावशी येतात, स्ट्रेचर घेऊन मामा येतात, रक्त घ्यायला टेक्निशियन येतो, जेवणाची गाडी येते, फरशी पुसणारा येतो. नातेवाईक तर उशाशीच असतो. रुग्णालयाची पारख मात्र आपण 'तिथले डॉक्टर चांगले आहेत' एवढ्यावरच करतो. सरांनी लिहिलेलं औषध वेळेवर पोचलं का, त्याचा परिणाम कुणी पाहिला का, आणि काही बिनसलं तर ते ज्याच्या लक्षात आलं त्याला बोलायची मुभा होती का, या तिन्ही गोष्टी त्या चार मिनिटांच्या बाहेर घडतात. रुग्ण घरी जाणार की नाही, हे बऱ्याच वेळा त्यांच्यावर ठरतं. हे कृतज्ञतेपोटी म्हणायचं वाक्य नव्हे. त्यामागे मोजून काढलेले आकडे आहेत.

युरोबॅगमधला आकडा

जंतुसंसर्गानं गंभीर झालेला, साठ किलो वजनाचा एक रुग्ण डोळ्यांपुढे आणा. लघवीसाठी नळी घातलेली आहे, खाटेच्या कडेला युरोबॅग अडकवलेली आहे. शरीरातल्या अवयवांना पुरेसं रक्त मिळतंय का, हे कळण्याचा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग म्हणजे लघवी मोजणं. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर, ही खालची मर्यादा धरतात. म्हणजे या रुग्णाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. ती सलग काही तास कमी होत राहिली, तर रक्तदाब ठीकठाक दिसत असला तरी मूत्रपिंडांवर ताण येऊ लागलाय असं समजायचं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढून रिपोर्टमध्ये दिसेपर्यंत एखादा दिवस निघून गेलेला असतो.

ही पिशवी रिकामी कोण करतं? पुष्कळदा मावशी. त्यांनी मापाच्या भांड्यात ओतून आकडा पाहिला, सिस्टरना सांगितला, सिस्टरनी तो 'इनटेक-आउटपुट'च्या तक्त्यात वेळ घालून लिहिला, तर रात्री दोन वाजता आलेल्या हाउसमनला तक्त्यावर नजर टाकताच घसरण दिसते. सलाईन वाढवायचं, की फुप्फुसात पाणी साठेल म्हणून थांबायचं, याचा विचार तो त्याच क्षणी सुरू करू शकतो. पण पाळी संपता संपता मावशींनी सगळ्या पिशव्या भराभर संडासात ओतल्या असतील, तर तो आकडा कायमचा गेला. सकाळी तक्त्यातला रकाना रिकामा सापडतो. त्याहून वाईट म्हणजे तो अंदाजपंचे भरलेला सापडतो.

दोष द्यायचा तर मावशींना देणं सोपं आहे. पण त्या पिशवीतल्या आकड्याचं पुढं काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं असतं का? 'मावशी, या खाटेची लघवी भांड्याच्या या रेघेच्या खाली गेली तर मला लगेच हाक मारा,' एवढं एक वाक्य हाउसमन बोलला, तर मावशी त्या रात्रीपुरत्या उपचारात सामील होतात. नाही बोलला, तर त्या फक्त पिशव्या ओततात. पगार, पद, काम सगळं तेच. रुग्णाच्या दृष्टीनं मात्र दोन वेगळी रुग्णालयं.

सलाईनचंही तसंच. सर '५०० मिलिलिटर, चार तासांत' असं लिहून जातात. साध्या सेटमधून वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे बाटलीत दहा हजार थेंब आणि ते जिरवायला २४० मिनिटं. मिनिटाला साधारण ४२ थेंब. सिस्टर घड्याळाकडे पाहत चकती फिरवतात आणि थेंब मोजतात. रुग्णानं कूस बदलली, कोपर वाकवलं की वेग बदलतो. 'फार हळू चाललंय' असं वाटून नातेवाईकच चकती सैल करतो. मग हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या रुग्णाच्या अंगात चार तासांचं पाणी तासाभरात जातं आणि त्याला धाप लागते. आयसीयूत हे काम इन्फ्यूजन पंप करतो. जनरल वॉर्डात ते सिस्टरच्या फेऱ्यांवर चालतं, आणि फेऱ्या किती होणार हे खाटांच्या संख्येवर.

एका सिस्टरमागे किती खाटा

याच प्रश्नाचं उत्तर लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांत शोधलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की, एका नर्सकडे एक रुग्ण जास्त आला, की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण ३० दिवसांच्या आत दगावण्याची शक्यता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. चारऐवजी आठ रुग्ण सांभाळायला लागले, तर ती वाढ ३१ टक्क्यांवर जाते. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा तसाच अभ्यास झाला. तिथंही आकडा तोच, ७ टक्के. शिवाय पदवीधर नर्सांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तर मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. किती माणसं आणि किती शिकलेली, दोन्हींचा हिशेब रुग्णाच्या खात्यावर मांडला जातो.

आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे : वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, आयसीयूत एकास एक, शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा. मोठ्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला एक-दोन सिस्टर आणि अख्खा वॉर्ड, हे दृश्य ज्यानं कुणाच्या उशाशी रात्र काढली आहे त्याला सांगायला नको. खाटा भरल्या की जमिनीवर गाद्या पडतात. गाद्यांसोबत सिस्टर वाढत नाहीत.

हात अपुरे पडले की सिस्टर कामांचा क्रम लावतात. इंजेक्शनं चुकत नाहीत, कारण ती कागदावर असतात आणि सकाळी त्यांची विचारणा होते. गळतात ती कागदावर नसलेली कामं : रुग्णाची कूस बदलणं, तोंड साफ करणं, एक मिनिट थांबून श्वास मोजणं, इन्सुलिन कसं टोचायचं हे घरच्यांना शिकवणं. यांतलं कुठलंही राहिलं तर त्या दिवशी काहीच होत नाही. चार दिवसांनी माकडहाडापाशी लाल चट्टा दिसतो, मग कातडी फाटते, मग जखम हाडापर्यंत जाते. शरीराच्या भारानं दबलेल्या जागी रक्त पोचत नाही, म्हणून बेडसोअर होतो; आणि दर दोन तासांनी कूस बदलणं हा त्यावरचा पहिला इलाज. औषधाच्या दुकानात तो विकत मिळत नाही.

हा इलाज माणसं किती काळ करू शकतात, याचं उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयात हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्या १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं गेल्या. मधली जवळपास ४२ वर्षं वैद्यकशास्त्राकडे त्यांना बरं करण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते शुश्रूषेचं : भरवणं, पुसणं, वळवणं, अंथरूण कोरडं ठेवणं. दयामरणाचा प्रश्न २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा रुग्णालयानं सांगितलं की ३७ वर्षांत त्यांना एकही बेडसोअर झाला नव्हता. वॉर्डात सिस्टरांच्या पिढ्या बदलल्या, पण हे काम एका पाळीनं दुसऱ्या पाळीच्या हाती सोपवत नेलं. न्यायालयानं निकालात या परिचारिकांची मुक्त कंठानं प्रशंसा केली. नर्सिंग ही डॉक्टरी कामाची दुय्यम शाखा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ३७ वर्षं आणि शून्य जखमा हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

मामा, नमुना आणि लाल पिशवी

मामांचं काम कुठल्याही केसपेपरवर दिसत नाही, रिपोर्टमध्ये मात्र उतरतं. सकाळी आठला घेतलेलं रक्त प्रयोगशाळेत अकराला पोचलं, तर बाटलीत मधल्या तीन तासांत बरंच घडून गेलेलं असतं. रक्तपेशी जिवंतच असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीतली साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरू शकते. नळी जोरात हिंदकळली, पेशी फुटल्या, की त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय थांबू शकतं, त्यामुळे तो आकडा पाहून डॉक्टरांची धावपळ उडते. पुन्हा रक्त, पुन्हा तपासणी. रुग्णाच्या अंगात काही वाढलेलं नसतंच. वाढलेलं असतं ते वॉर्ड आणि प्रयोगशाळा यांच्यातलं अंतर, आणि एकाच मामांकडे सोपवलेल्या वॉर्डांची संख्या.

सीटी स्कॅनला न्यायचं असेल तेव्हा मामांचा अनुभव औषधाइतका मोलाचा ठरतो. जाणता मामा निघण्यापूर्वी ऑक्सिजनच्या सिलिंडरचं मीटर पाहतो, सिलिंडर उघडायची चावी सोबत घेतली का ते बघतो, लिफ्ट खाली आलीय का याची खात्री करतो आणि मगच स्ट्रेचर हलवतो. लिफ्टसाठी दहा मिनिटं ताटकळलेल्या रुग्णाचा सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर संपणं, हा अपघात ऑपरेशन थिएटरमधल्या चुकीइतकाच गंभीर. त्याची चौकशी मात्र क्वचितच होते.

आणि मामा नसतील तर? मग नातेवाईक. आपल्या रुग्णालयांत बिनपगारी नोकरांची एक मोठी फौज अशी राबत असते. रक्ताची पिशवी आणणं, रिपोर्टसाठी खिडकीपाशी उभं राहणं, स्ट्रेचर ढकलणं, भरवणं, बेडपॅन देणं, रात्री सलाईन संपलं की सिस्टरना हाक मारणं, सगळं त्यांच्याकडे. यातली काही कामं आपुलकीनं होतात आणि ती तशीच व्हावीत. पण रक्ताची पिशवी फ्रीजमधून काढल्यावर अर्ध्या तासाच्या आत चढवायला सुरुवात करायची आणि चार तासांत संपवायची असते. अनोळखी शहरात आलेला, दोन रात्री न झोपलेला भाऊ ती हातात धरून चुकीच्या इमारतीत शिरला तर नियम काय करणार? ज्या रुग्णाला भाऊच नाही, त्याचा तर विचारच नको.

कामाची साखळी उलट दिशेनंही चालते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्तामांसानं माखलेलं पिवळ्या पिशवीत, सलाईनचे सेट, नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंज लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. पहाटे तीनला डोळ्यांवर झोप असलेला इंटर्न रक्त घेतो आणि सुईसकट सिरिंज लाल पिशवीत टाकतो. सकाळी ती पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या तळव्यात सुई जाते. रुग्णाला हेपटायटिस बी असेल आणि कामगारानं लस घेतलेली नसेल, तर संसर्गाचा धोका ६ ते ३० टक्के. कामगारांना ही लस द्यायची असं त्याच नियमांत म्हटलं आहे. पण कामगार कंत्राटी असला आणि दर वर्षी कंत्राटदार बदलत असला, तर लसीची नोंद कुणाच्या रजिस्टरात शोधायची?

भिंतीपलीकडचे विभाग

काही माणसं रुग्णाला कधी दिसतही नाहीत. सीएसएसडी, म्हणजे निर्जंतुकीकरण विभाग, बहुधा तळमजल्यावर असतो. वापरलेली शस्त्रक्रियेची हत्यारं तिथं घासून, धुऊन, कापडात बांधून ऑटोक्लेव्हमध्ये जातात : १२१ अंश सेल्सिअसला दाबाखालच्या वाफेत किमान १५ मिनिटं, किंवा १३४ अंशांना तीन-चार मिनिटं. गठ्ठ्यावरच्या चिकटपट्टीवरचे तिरपे पट्टे उष्णतेनं काळे पडतात. पण ती पट्टी फक्त गठ्ठा तापला एवढंच सांगते. वाफ आतपर्यंत पोचली का, ते गठ्ठ्याच्या पोटात ठेवलेली दुसरी पट्टी सांगते. थिएटरमधल्या सिस्टर गठ्ठा उघडताना आधी ती आतली पट्टी पाहतात. ती पाहायचा त्यांना कंटाळा आला, किंवा सर घाई करताहेत म्हणून ती राहिली, तर पुढचं सगळं कौशल्य न शिजलेल्या हत्यारांनी चालतं.

स्वयंपाकघर हाही उपचाराचा विभाग आहे. मधुमेही रुग्णाला साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास देतात. सिस्टर साडेसातला इंजेक्शन देतात, जेवणाची गाडी आठला यायची ती नऊला येते. मधल्या वेळात रक्तातली साखर उतरू लागते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो. अशक्त म्हातारा असेल तर तो नुसता निपचित पडतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं झोप लागली. डॉक्टरांचा डोस बरोबर, सिस्टरची वेळ बरोबर, स्वयंपाकही बरोबर. दोन विभागांची घड्याळं तेवढी जुळलेली नव्हती.

औषधनिर्मात्याची गोष्टही अशीच आहे. आपल्या मनात तो खिडकीआड बसून पुड्या देणारा माणूस असतो. बॉस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलनं आयसीयूच्या राउंडमध्ये एका फार्मासिस्टला सामील करून घेतलं. तो डॉक्टरांच्या शेजारी उभा राहायचा आणि डोस, दोन औषधांचं आपसातलं वैर, मूत्रपिंडाच्या ताकदीप्रमाणे करायची कपात यांवर तिथल्या तिथं बोलायचा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधं लिहिण्यातल्या चुकांमुळे होणारे टाळता येण्याजोगे अपाय ६६ टक्क्यांनी कमी झाले. माणूस रुग्णालयातच होता. खिडकीआडून उठवून त्याला खाटेपाशी आणलं, एवढाच बदल. आपल्याकडे २००८ पासून फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यातून बाहेर पडलेली मुलं किती वॉर्डांच्या राउंडमध्ये दिसतात, ते आपण पाहतोच.

इलेक्ट्रिशियन आणि ऑक्सिजनच्या टाकीवरचा तंत्रज्ञ यांची आठवण मात्र आपल्याला दुर्घटना झाल्यावरच येते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली. १० बाळं गेली, शेजारच्या भागातली ७ वाचवता आली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, नळातला दाब उतरला आणि २० हून अधिक रुग्ण दगावले. दोन्ही ठिकाणी उपचार काय द्यायचे याबद्दल वाद नव्हता. बाळांना ऊब हवी होती, रुग्णांना ऑक्सिजन हवा होता, आणि ते देणं सुरूही होतं. वायरिंग कुणी तपासायची, टाकीच्या व्हॉल्व्हजवळ प्रशिक्षित माणूस कोण, रात्री कक्षात प्रत्यक्ष कोण हजर असतं, हे प्रश्न नंतर विचारले गेले.

'सर, थांबा' म्हणण्याचा अधिकार

इतकी माणसं, इतके विभाग म्हटल्यावर चुका दोन जागी होतात : काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना, आणि चूक दिसूनही बोललं न गेल्यानं.

पहिल्या जागेवर उपाय सापडला आहे. पाळी बदलताना निवासी डॉक्टर एकमेकांना जे सांगतात ते ठरावीक क्रमानं सांगायचं : रुग्ण किती गंभीर, आजपर्यंत काय झालं, रात्री काय करायचं बाकी आहे, काय बिघडू शकतं आणि बिघडल्यास काय करायचं, ऐकणाऱ्यानं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. 'आय-पास' नावाची ही पद्धत अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत वापरून पाहिली, तेव्हा वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटले, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. 'सगळं ठीक आहे, चार नंबरकडे जरा बघ' या आपल्या नेहमीच्या वाक्याची जागा पाच वाक्यांनी घेतली.

दुसरी जागा जास्त अवघड, कारण तिथं मानपान आड येतो. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून होणारा संसर्ग टाळायला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच गोष्टींची यादी केली : हात धुवा, कातडी क्लोरहेक्सिडिननं पुसा, रुग्णाला निर्जंतुक चादरीनं पूर्ण झाका, जांघेतली शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. हे प्रत्येक डॉक्टरला पाठ असतं. खरा बदल दुसऱ्याच कलमात होता : डॉक्टरनं एखादी पायरी गाळली, तर नर्सनं त्याला थांबवायचं, आणि प्रशासनानं नर्सच्या मागे उभं राहायचं. मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंमध्ये हे लागू झालं. २००६ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा दीड वर्षानंतरही संसर्गाचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांशानं कमी राहिलेलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची १९ कलमी यादी याच विचारातून आली. तिचं काम करणारे सर्जन अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. या यादीत चिरा देण्यापूर्वी थिएटरमधल्या प्रत्येकानं स्वतःचं नाव आणि काम सांगायचं असतं. वरवर हे लग्नातल्या ओळखपाळखीसारखं वाटतं, पण एकदा आपला आवाज खोलीत उमटला की अडचण दिसल्यावर तोंड उघडणं सोपं जातं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं, असं २००९ मध्ये छापून आलं. मात्र कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतानं हीच यादी १०१ रुग्णालयांत लागू केली, तेव्हा २०१४ च्या अभ्यासात मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. कागद तोच होता. पण खुणा करून फाइलला लावलेला कागद रुग्णाला वाचवत नाही. वाचवतं ते त्या कागदाच्या निमित्तानं झालेलं बोलणं.

आपल्या रुग्णालयांत हे बोलणं आणखी कठीण आहे. 'सर' हा शब्दच मोठा असतो. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या इन्चार्ज सिस्टरना रुग्णाचा रंग पाहून काहीतरी बिघडल्याचं कळतं, आणि नव्या हाउसमनला त्या ते आडून सुचवतात : 'डॉक्टर, एकदा बीपी परत बघता का?' शहाणा हाउसमन लगेच बघतो. ही समज त्याला कुठल्या पुस्तकानं दिलेली नसते. वॉर्डाच्या वातावरणानं दिलेली असते, आणि ते वातावरण युनिटप्रमुख ठरवतात. सिस्टरना चारचौघांत एकदा 'तुम्ही डॉक्टर आहात का?' असं झापलं, की त्या वॉर्डातली पुढची वर्षभराची सूचना बंद.

कागदांची वाट

शेवटचा टप्पा पैशांचा. शस्त्रक्रिया ठरलेली असते, सर्जन तयार असतो, आणि रेशन कार्डावर नाव नसल्यानं रुग्ण अडकतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं राज्यभर चालू आहे. तिच्यातल्या रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' नेमलेला असतो. कागद कुठले, मंजुरी कशी, एखादा कागद नसला तर त्याऐवजी काय चालेल, हे तो सांगतो. त्याच्या टेबलावरची अर्ध्या तासाची हुशारी एखाद्या कुटुंबाची जमीन गहाण पडण्यापासून वाचवू शकते.

त्याच्याही आधीपासूनचं पद म्हणजे वैद्यकीय समाजसेवकाचं. भारतात असा पहिला समाजसेवक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमला गेला. बेवारस रुग्णाचं घर शोधणं, ट्रस्टकडून औषधांची सोय करणं, मारहाण झालेल्या बाईला सुरक्षित जागी पोचवणं, टीबीचं औषध मध्येच सोडणाऱ्याला परत आणणं ही त्याची कामं. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे पुष्कळ रुग्णांना ठाऊकच नसतं. ठाऊक होतं ते समाजसेवकाच्या टेबलापाशी पोचल्यावर.

डिस्चार्ज कार्डाचंही असंच. त्यावर '१-०-१' लिहिलेलं असतं. घरी गेल्यावर आजी सकाळची गोळी बरोबर घेतात आणि मधल्या शून्याचा अर्थ शेजारणीला विचारतात. 'सकाळी चहानंतर एक, रात्री जेवल्यावर एक, दुपारी नाही' हे सांगून, ते आजींकडून वदवून घ्यायला तीन मिनिटं लागतात. ती तीन मिनिटं कुणाच्या कामात धरलेली आहेत? डॉक्टरांच्या नाही, सिस्टरच्या नाही, खिडकीवरच्या फार्मासिस्टच्याही नाही. म्हणून पुष्कळ रुग्ण बरे होऊन जातात आणि महिन्याभरात तीच तक्रार घेऊन परत येतात.

तेव्हा घरातल्या कुणाला दाखल करायची वेळ आली, की सर्जनच्या नावाची चौकशी जरूर करावी, पण तेवढ्यावर थांबू नये. रात्री या वॉर्डात किती सिस्टर असतात? रात्री अकराला तब्येत बिघडली तर कोण येतं आणि किती वेळात? पाळी बदलताना माहिती खाटेपाशी दिली जाते की नुसती वहीत लिहिली जाते? घरी जाताना औषधं समजावून कोण सांगेल? उत्तरं चटकन मिळाली, तर त्या रुग्णालयानं उरलेल्या १,४३६ मिनिटांचा विचार केलेला आहे.

आणि हे प्रश्न फक्त एकट्या रुग्णानं विचारायचे नाहीत. सिस्टरांची पदं रिकामी असणं, सफाईचं काम सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर देणं, समाजसेवक निवृत्त झाल्यावर जागा न भरणं, या गोष्टी वर्तमानपत्रात आस्थापनेच्या बातम्या म्हणून आतल्या पानावर छापून येतात. त्यांची जागा आरोग्याच्या पानावर आहे, नव्या एमआरआय यंत्राच्या उद्घाटनाच्या बातमीशेजारी. यंत्र आल्यानं किती रुग्णांचा फायदा होईल हे नेते भाषणात सांगतातच. एक सिस्टर कमी असल्यानं किती रुग्णांचं नुकसान होतं, हेही आता मोजलं गेलेलं आहे. ते त्यांना विचारायला हवं.